फ्रिजपासून डावीकडे

बाबा गेल्यावर खात्याने आईला घर सोडायला मुदत दिली. ती संपली. मग आणखी एक दिली, तीही संपत आली, आणि आईने अजून एक चमचासुद्धा बांधला नव्हता.

घर बाबांच्या नोकरीचं होतं आणि नोकरी भुयारांची. गावाबाहेरच्या टेकडीत मोठ्या युद्धाच्या काळात सैन्याने खोदलेली भुयारं आहेत. ती लोकांना हिंडवून दाखवायचं काम बाबांनी निवृत्तीचं वय होईपर्यंत केलं, आणि खात्याला दुसरा माणूस मिळेना म्हणून त्यानंतरही करत राहिले. मी म्हणत होते, माझ्याकडे चल. आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, म्हणत होती, माझ्याकडे चला. आई दोघींनाही "बघू" म्हणायची आणि ओटा पुसायला लागायची. तो ओटा इतका पुसून झाला होता की त्यात तोंड दिसायचं.

शेवटी एका रविवारी आत्याचा संयम सुटला. वहिनी, खात्याची माणसं कुलूप घेऊन येतील तेव्हा काय ओट्याला मिठी मारून बसणार आहात का, असं तिने विचारलं. आईने फडका पिळून वाळत टाकला आणि म्हणाली, "मला एकदा ती भुयारं दाखवा. मग काय ते सांगते."

कारण आईने भुयारं कधी पाहिलीच नव्हती.

सुरुवातीला मी लहान होते, मग माझी शाळा होती, मग आजीचं आजारपण. शिवाय बाबाच म्हणायचे की घरचं माणूस समोर असलं की माझी जीभ वळत नाही. डोंगर कुठे पळून जातोय, असं दोघंही एकमेकांना सांगत राहिले. डोंगर गेला नाही.

तरी आईला भुयार तोंडपाठ होतं. बाबा त्याची तालीम घरात करायचे. खात्याने मजकुरात एक ओळ बदलली तरी संध्याकाळी चपला काढायच्या आत तालीम सुरू. पुढचं दार म्हणजे भुयाराचं तोंड. हॉल म्हणजे सैनिकांची झोपायची जागा. तिथून आत जाणारा बोळ म्हणजे बोगदा आणि माझी खोली म्हणजे दारूगोळ्याचं कोठार. मी लहानपणी कशावर झोपत होते ते मला पुष्कळ उशिरा कळलं. फ्रिज म्हणजे टेलिफोनची खोली. तिथून डावीकडे वळलं की स्वयंपाकघर, म्हणजे सैनिकांचा दवाखाना, आणि ओटा म्हणजे शस्त्रक्रियेचं टेबल. जनरेटर बाथरूममध्ये होता. शेवटी बाल्कनी, जिथून तोफा समुद्राकडे रोखलेल्या असायच्या आणि जिथे आमचे टॉवेल वाळायचे. आई भांडी विसळता विसळता पर्यटक व्हायची आणि मुद्दाम वाकडे प्रश्न विचारायची. एवढ्या माणसांचा घाम जायचा कुठे. घोरणाऱ्याला कुठे झोपवायचे. बाबांना उत्तर आलं नाही की ते दोन दिवस घुम्यासारखे असायचे आणि तिसऱ्या दिवशी कुठून तरी उत्तर घेऊन यायचे.

म्हणून आई भुयारं बघायला निघाली तेव्हा तिचा आविर्भाव नवीन जागा बघायला निघालेल्या माणसाचा नव्हता. तपासायला निघालेल्या माणसाचा होता.

सहलीची तीन तिकिटं काढली. आईची एकच अट होती, आपण कोण ते कुणाला कळता कामा नये. खात्याची मंडळी भेटायला आली तेव्हा ती आतल्या खोलीतून बाहेर आलीच नव्हती, त्यामुळे तिला कुणी ओळखण्याची भीती नव्हती. चहा मी दिला होता, पण चहा देणाऱ्या बाईच्या चेहऱ्याकडे कुणी बघत नाही. प्रश्न आत्याचा होता. तिने शपथेवर सांगितलं की तिच्या तोंडून एक शब्द निघणार नाही, आणि बस गावाबाहेर पडायच्या आत शेजारच्या गृहस्थांना सगळं सांगून टाकलं. मी जाब विचारला तर म्हणाली, एकालाच सांगितलंय, आणि तेही माणूस सभ्य वाटला म्हणून.

हे सभ्य गृहस्थ म्हणजे प्रश्नवाले काका. हे नाव आत्यानेच ठेवलं. त्यांना प्रत्येक गोष्टीवर प्रश्न पडत असे, पण बस थांबेल तिथे त्यांचा पहिला प्रश्न एकच असे, की इथे स्वच्छतागृह कुठे आहे. भुयाराच्या तोंडाशीही त्यांनी तोच विचारला. आत सोय नाही, जे काय असेल ते इथेच उरका, असं तिकीटवाल्याने सांगितलं. बाहेरच्या एकुलत्या एका दारासमोर लांब रांग होती. काकांनी रांगेकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि निभेल म्हणाले.

आम्हाला हेल्मेटं मिळाली आणि धुळीसाठी मास्क. हेल्मेट घातलेली आत्या एखाद्या बांधकामावर मुकादम म्हणून खपली असती. आईचं हेल्मेट मोठं होतं, ते सारखं डोळ्यांवर येत होतं, पण तिला दुसरं नको होतं.

नवा गाईड आला. तरुण, शिडशिडीत, कमरेला वॉकीटॉकी. बाबांच्या शेवटच्या वर्षात, त्यांचा खोकला सुरू झाल्यावर, तो त्यांच्या हाताखाली शिकायला होता, एवढं मला माहीत होतं. त्याने तोंड उघडलं आणि मी खाली बघितलं, कारण आवाज त्याचा होता पण वाक्यं सगळी बाबांची होती. "मंडळी, इथून पुढे सूर्याचा आणि आपला संबंध संपला." तीच विश्रांती, तोच 'मंडळी'. आईचे ओठ मास्कच्या आत हलत होते. मास्क पुढेमागे होत होता, त्यावरून कळत होतं. ती त्याच्या अर्धा शब्द पुढे होती.

हॉल बरोबर निघाला. तसा तो आमच्या हॉलच्या कितीतरी पट मोठा होता, पण आईने मान डोलावली. हं, पलंग इकडे, बरोबर. बोळही बरोबर निघाला. कोठारात गाईड थांबला. "मंडळी, इथे कुणी नुसती काडी ओढली असती तरी ही टेकडी आज नकाशात नसती," असं म्हणाला, मूठ तोंडाजवळ नेली आणि कोरडं खोकला. दोनदा. मग पुढे बोलायला लागला.

आत्याने पर्स उघडून खोकल्याची गोळी काढली आणि मला म्हणाली, बिचाऱ्याला सर्दी झालीय, दे त्याला.

आई म्हणाली, "सर्दी नाही, वन्सं. पाठ केलंय."

आत्याने गोळी परत पर्समध्ये टाकली. मी माझ्या हेल्मेटचा पट्टा सोडवला आणि पुन्हा बांधला. तो नीट बांधायला मला बराच वेळ लागला.

एवढ्यात गाईडच्या कमरेचा वॉकीटॉकी खरखरला आणि त्यातून कुणीतरी म्हणालं की बाथरूमपाशी पाणी झिरपतंय, जरा बघून घ्या. गाईडने चटकन आवाज बारीक केला. पण प्रश्नवाले काकांचा चेहरा उजळला होता. आत सोय नाही म्हणतात आणि स्वतःसाठी ठेवतात, असं ते आत्याच्या कानाशी पुटपुटले. अशा ठिकाणी कर्मचारी नेहमीच असं करतात, असं आत्याने त्यांना आणखी वर सांगितलं. माझ्या मनात काहीतरी चुकचुकलं, पण मागून लोक ढकलत होते.

टेलिफोनची खोली आली. भिंतीत खिळ्यांची भोकं होती आणि तारांचे गंजलेले तुकडे लोंबत होते. तिथे बोगद्याला दोन फाटे फुटत होते. गाईड म्हणाला, आता आपण दवाखान्याकडे जाऊ, आणि घोळका घेऊन उजवीकडे वळला.

आई थांबली. "डावीकडे," ती म्हणाली.

मी म्हटलं, आई, तो उजवीकडे गेला.

"तो नवीन आहे," आई म्हणाली आणि डावीकडे चालायला लागली.

अंधारात वहिनीचा हात सोडायचा नाही असं आत्याने मला कबूल केलं होतं, म्हणून आत्या गेली. ज्या अर्थी दोन बायका घोळका सोडून ठामपणे कुठेतरी निघाल्या आहेत त्या अर्थी त्यांना जागा माहीत आहे, असा हिशेब करून प्रश्नवाले काका गेले. आणि मग मी गेले, कारण माझी आई तिकडे चालली होती.

ती इतकी सराईतपणे चालत होती की मलाही क्षणभर वाटलं, गाईडच चुकला असेल. पण दिवे विरळ झाले, मग एक सोडून एक बंद, आणि बोगदा अरुंद होत होत एका कच्च्या भिंतीपाशी संपला. तिथे दोन फावडी होती, सिमेंटची अर्धी गोणी, काही बादल्या. आत्या पहिल्यांदा भिंतीकडे, मग माझ्याकडे बघायला लागली. काकांनी बादल्यांकडे एकदा पाहिलं आणि मग बायकांकडे पाहून तो विचार सोडून दिला.

"इथे ओटा पाहिजे होता," आई म्हणाली.

तिने भिंतीला हात लावून पाहिला. मग एक बादली उलटी केली, पदराने पुसली आणि तिच्यावर बसली. मला एकदम उमगलं. आमच्या घरात फ्रिजच्या उजवीकडे शेजाऱ्यांची भिंत होती. बाबांना उजवीकडे वळता येण्यासारखं नव्हतं, म्हणून इतकी वर्षं ते दवाखान्यात डावीकडून जात होते. शेजारी मोठे चांगले लोक होते, पण युद्धाला त्यांनी वाट दिली नसती.

हे मी आईला शक्य तितक्या हळू सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"म्हणजे हे असं नाहीच," ती म्हणाली. "मी जे बघत होते ते फक्त घरातच आहे."

आत्या म्हणाली, अहो, म्हणून काय झालं, दगड इकडचे तिकडे.

"वन्सं, मग मी ते घर कसं सोडू," आई म्हणाली. आवाज चढला नव्हता. भाजी संपली असं सांगावं तसं सांगितलं. "इथे काही सापडलं असतं तर सोडलं असतं. इथे बादल्या आहेत."

आत्याने एक फावडं उचलून भिंतीला नीट टेकवून ठेवलं. मुद्रणाच्या चुका दुरुस्त करण्यावर मी पोट भरते; कुठल्या शब्दाने काम भागेल हे मला सहसा सुचतं. तिथे सुचलं नाही. मी सहल आखली, तिकिटं काढली आणि आईला घरातून उठवायच्या ऐवजी कायमचं घरात बसवून ठेवलं, एवढंच मला दिसत होतं. प्रश्नवाले काका अवघडून एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. त्याची दोन कारणं होती.

तेवढ्यात विजेरीचा झोत आला आणि त्यामागून एक वायरमन. खांद्यावर वायरीचं वेटोळं, तोंडात सुपारी. आम्हाला बघून त्याला ना नवल वाटलं ना राग आला. त्याने वॉकीटॉकी तोंडाजवळ धरला.

"सापडले," तो म्हणाला. "चौघं आहेत. ओट्याच्या मागच्या बाजूला. फ्रिजवरून घेऊन येतो."

आईने हेल्मेट वर सारलं.

"कशावरून?" तिने विचारलं.

फ्रिजवरून, वायरमन म्हणाला, आत्ता जिथे तुम्ही चुकलात ना, तो फ्रिज. मग आमचे चेहरे बघून त्याने समजावून सांगितलं. इथल्या दालनांना सरकारी नंबर आहेत, पण ते कुणाच्याच लक्षात राहत नाहीत. आधीचे जे साहेब होते, वारले ते, त्यांच्याही राहायचे नाहीत. ते आपले अंधारात चालता चालता म्हणायचे, फ्रिजपाशी दिवा गेलाय, ओट्यावर लाईट पाड, बाल्कनीतलं गवत काढ. त्यांच्यामुळे सगळ्यांना तीच सवय लागली. आता ऑफिसातल्या तक्रारीसुद्धा त्याच नावांनी येतात.

"आणि बाथरूम?" काकांनी फार आशेने विचारलं.

ते जनरेटरचं दालन, वायरमन म्हणाला. तिथे काही नाही. काकांनी डोळे मिटून घेतले.

पण ही नावं का, असं मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं. मला ते त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

देव जाणे, तो म्हणाला. नव्या गाईडचं म्हणणं आहे की सैन्याची औषधं थंड ठेवायला खरोखरच तिथे फ्रिज असणार, आणि तो तसं लिहून पाठवणार आहे वर. आमचं म्हणणं, साहेब चालायचे इथे पण असायचे दुसरीकडेच. चला, पाय जपून.

आई बादलीवरून उठली. मी हात पुढे केला तो तिने घेतला नाही. ती वायरमनच्या मागोमाग निघाली, आणि टेलिफोनच्या खोलीपाशी आल्यावर जरा थांबून तिने त्या भोकं पडलेल्या भिंतीवर हात ठेवला. मग उजवीकडे वळली.

तिथे छत एकदम खाली आलं होतं. बोगद्याच्या मधोमध एक मोठा खडक पुढे झुकलेला होता, आणि त्याच्यावर इतकी हेल्मेटं आपटली होती की त्याची कड गुळगुळीत झाली होती. वायरमनने विजेरी वर केली. "इथे सांभाळा. बाईसाहेब आल्या."

"कोण आल्या?" आत्या म्हणाली.

हा खडक हो, वायरमन म्हणाला. साहेबांनीच ठेवलेलं नाव. कितीही मोठा माणूस येऊ दे, मंत्री येऊ दे, बाईसाहेबांपुढे मान खाली घालूनच जावं लागतं. नाही घातली तर टेंगूळ. साहेब स्वतः तर आधी हात जोडायचे.

बाबा आईला फक्त ती रागावली की बाईसाहेब म्हणायचे. म्हणजे बऱ्याचदा.

आत्याने तोंडावर हात घट्ट दाबला. तिचे खांदे हलायला लागले. काकांना सगळी हकिगत माहीत होती, त्यामुळे ते "अहो, म्हणजे या तर त्याच" एवढं बोलले आणि आत्याने त्यांच्या पायावर पाय दिला. मी आईकडे बघायचं धाडस करत नव्हते. मग मला तो आवाज ऐकू आला. आधी वाटलं, ठसका लागला. आई हसत होती. मास्क खाली ओढून, खडकाला एका हाताने धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. इतक्या महिन्यांत मी तो आवाज ऐकला नव्हता, आणि त्या भुयारात तो चांगला घुमत होता.

"मेल्याने डोंगरातसुद्धा सोडलं नाही मला," ती म्हणाली. वायरमनला वाटलं, ती खडकाबद्दल बोलतेय. त्याने समजूतदारपणे मान हलवली.

मग वायरमन वाकून गेला. आत्या वाकली तरी तिचं हेल्मेट खाडकन आपटलं. काका तर आधीच वाकलेले होते. आई मात्र वाकली नाही. ती मुळात इतकी ठेंगणी आहे की ताठ मानेने त्या खडकाखालून गेली आणि वर चार बोटं जागा उरली.

दवाखान्यात गाईड रागावून उभा होता. दगडी टेबल तिथेच होतं, बाबा म्हणायचे तसंच, ओट्याएवढ्या उंचीचं. आईने त्यावरून बोट फिरवलं आणि धूळ बघून तोंड वाकडं केलं. गाईडने आम्हा चौघांना सगळ्यांसमोर ऐकवलं, की शिस्त म्हणून काही असते, अशाने आमच्या नोकऱ्या जातात. आई शाळेतल्या मुलीसारखी ऐकून घेत होती. पुढे बाल्कनीतून समुद्र दिसला. लोकांनी फोटो काढले. काकांनी तिथून बाहेर पडायची वाट विचारून घेतली आणि जवळजवळ धावत गेले.

बाहेर उन्हात हेल्मेटं परत देताना आई गाईडपाशी गेली. तो जरा सावध झाला.

छान सांगता तुम्ही, ती म्हणाली. स्पष्ट बोलता, घाई करत नाही. "फक्त तो कोठारातला खोकला तेवढा काढून टाका."

गाईड गोंधळला. तो मूळ मजकुरातच आहे, तो म्हणाला, साहेब प्रत्येक वेळी तिथेच खोकायचे, मी नीट लक्ष देऊन पाहिलंय.

"मुळात नव्हता," आई म्हणाली. "तो नंतर आला."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटतं, चहा आठवला असावा. त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. तो काही बोलायच्या आत आई बसकडे निघाली होती.

बसमध्ये आत्याला दम धरवला नाही. मग, माझ्याकडे की हिच्याकडे, असं तिने सरळच विचारलं.

दोघींकडेही नाही, आई म्हणाली. तिने वाटेत सगळं ठरवलेलं दिसलं. माझ्या गावात एक लहानशी जागा भाड्याने बघायची. माझ्या घरापासून इतकी जवळ की पावसापाण्यात येता येईल, आणि इतकी लांब की मी रोज येऊन औषधं घेतलीस का असं विचारू शकणार नाही. आत्याने दर महिन्याला यावं आणि चार दिवसांच्या वर राहू नये. हे ऐकून आत्याला आधी राग आला, मग आपल्याला दर महिन्याला बोलावलंय हे लक्षात आल्यावर तो गेला. दगडातलं काय दिसलं तुम्हाला एवढं, असं तिने तरी विचारलंच.

आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तिकडे नांदतंय ते सगळं. मी इकडे राखण करत कशाला बसू."

गावात उतरलो तेव्हा कोपऱ्यावरचं दुकान उघडं होतं. आई न विचारता आत शिरली आणि दुकानदाराला म्हणाली, रिकामी खोकी असतील तर द्या. त्याने साबणाची काही काढली. मोठी नकोत, आई म्हणाली, पुस्तकं भरायची आहेत, मोठ्या खोक्यात भरली की उचलवत नाहीत. मग बिस्किटांची निघाली, ती तिने तळ ठोकून ठोकून निवडली. दोन परत केली.

आम्ही खोकी घेऊन निघालो. आत्याच्या हातात खोक्यांची अशी चळत झाली होती की तिला समोरचं काही दिसत नव्हतं आणि ती त्याबद्दल मोठ्याने तक्रार करत होती. आई तिच्यापुढे चालत होती आणि मागे न बघता तिला सांगत होती, इथे खड्डा आहे, आता पायरी आली, आता सरळ.